उडून गेलेला कॉकटील कसा शोधावा? (परभणी)

परभणीची वाचक

आमच्या घरातील कॉकटील जातीचा नर पक्षी परवा दुपारी उडून गेला असून त्याचा शोध नेमका कसा घ्यावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. अंगाचा रंग करडा, तोंड पिवळे, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा आणि दोन्ही पंखांवर पांढरा पट्टा असे त्याचे रूप आहे. घरात सगळे त्याला बंड्या म्हणतात. कुकरच्या शिट्टीची तो इतकी हुबेहूब नक्कल करतो की, स्वयंपाकघरात नवखा माणूस असला तर तो गॅस बंद करायला धावतो.

गाद्या उन्हात टाकण्यासाठी गच्चीचे दार उघडलेले असताना रस्त्यावरून वरात चालली होती आणि फटाक्यांची माळ लागताच तो घाबरून बाहेर पडला. त्याचे पंख कापलेले नाहीत. घरावरून एक मोठा वळसा घेऊन तो मागच्या बाजूच्या उंच नीलगिरीच्या अगदी शेंड्याला जाऊन बसला. आम्ही संध्याकाळपर्यंत खाली उभे राहून हाका मारल्या, पिंजरा दाखवला, राळ्याची वाटी वाजवली. प्रत्येक हाकेला तो शिट्टी घालत होता, फांदीवर अस्वस्थपणे इकडून तिकडे चालत होता, पण खाली आला नाही. अंधार पडल्यावर तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिले तर झाड रिकामे होते.

माझ्या मनात काही शंका आहेत. तो आम्हाला ओळखून उत्तर देत होता, तर मग खाली का उतरला नाही? शोध घराभोवतीच घ्यावा की लांब जावे? आमच्या घरामागे थोड्या अंतरावर कृषी विद्यापीठाचा परिसर सुरू होतो आणि तिथे झाडी एवढी आहे की, कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. अग्निशमन दलाला विनंती करून झाडावर पाणी मारावे, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र उडालेले पाखरू परत येत नसते, असे म्हणून मोकळी झाली आहेत. मागे राहिलेली मादी सकाळ-संध्याकाळ सारखी ओरडते आणि नीट खात नाही. शिवाय रात्री थंडी किती वाढली आहे, हे परभणीकरांना सांगायला नको.


गच्चीवरचा पिंजरा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तो तुम्हाला नाकारत नव्हता. त्याला उतरता येत नव्हते. ही गोष्ट पक्षी पाळणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या ध्यानात येते आणि त्यामुळे शोधाचे पहिले, सर्वांत मोलाचे तास झाडाखाली हाका मारण्यात जातात. रानातील पिल्लू घरट्यातून बाहेर पडल्यावर आई-बापांच्या मागे उडत उडत उंचावरून वेग आवरून खाली कसे यायचे, वारा अंगावर कसा घ्यायचा, हे शिकते. घरात वाढलेल्या पक्ष्याचे सगळे उडणे पडद्याच्या दांडीपासून कपाटापर्यंत, म्हणजे जवळजवळ सरळ रेषेत झालेले असते. घाबरला की तो वर वर जातो, कारण वर जाणे त्याला आपसूक जमते. शेंड्यावर पोचल्यावर मात्र खालची जमीन त्याला विहिरीच्या तळासारखी दिसते. फांदीवरून तो अस्वस्थपणे इकडून तिकडे चालत होता, असे तुम्ही लिहिले आहे. खाली यायची त्याची ती धडपडच होती.

म्हणून पिंजरा जमिनीवर ठेवून उपयोग होत नाही. पक्षी ज्या उंचीवर असेल, तिच्या जवळपास जाणारी एखादी गच्ची, पाण्याची टाकी किंवा जिना शोधून पिंजरा तिथे, त्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा आणि माणसाने झाडाच्या बुंध्याशी नव्हे, तर पिंजऱ्याच्या शेजारी थांबावे. सरळ रेषेत उडून यायची वाट दिसली की, बरेच पक्षी स्वतःहून येतात. काही वेळा तो थेट पिंजऱ्याकडे न येता आधी खालच्या झाडावर, मग कुंपणावर, मग गच्चीच्या कठड्यावर असा टप्प्याटप्प्याने येतो. त्या वेळी उतावीळपणे हात घातला, तर सगळे मुसळ केरात गेले असे समजा.

वेळेविषयी. दुपारी शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण त्या वेळी तो पानांआड गप्प बसून असतो. सध्या तुमच्याकडे पावणेसातच्या सुमारास उजाडते. त्याच्या अर्धा तास आधी तुम्ही जागेवर असायला हवे. उजाडताना आणि मावळतीच्या आधीच्या तासाभरात कॉकटील आपल्या सोबत्यांना साद घालतो आणि सोबती उत्तर देतात. थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांची ती हजेरीच असते. तुमच्या घरी मादी आहे, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. तिला लहान पिंजऱ्यात घालून सकाळ-संध्याकाळ गच्चीवर न्या, पण क्षणभरही एकटी सोडू नका, कारण मांजर आणि शिक्रा या दोघांनाही पिंजऱ्यातला पक्षी दिसायला वेळ लागत नाही. ती ओरडत असताना तिचा आवाज मोबाईलवर नोंदवून घ्या आणि लांबच्या ठिकाणी जाल तिथे तो छोट्या स्पीकरवर वाजवा. अर्धा मिनिट वाजवावा आणि मग बराच वेळ कान देऊन ऐकावे. शोधणारी माणसे स्वतःच एवढा आरडाओरडा करतात की, पक्ष्याने दिलेले उत्तर त्यांना ऐकूच येत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसऱ्या पक्ष्यांकडेही लक्ष ठेवा. अनोळखी रंगाचा, अनोळखी आवाजाचा पाहुणा आपल्या झाडावर आलेला कावळ्यांना, कोतवालाला आणि सातभाईंना खपत नाही. एखाद्या झाडावर विनाकारण कावकाव किंवा कलकलाट चालू असेल, तर तिथे घुबड असेल, साप असेल किंवा तुमचा बंड्याही असेल, जाऊन पाहावे. संध्याकाळी साळुंक्या आणि पोपट ज्या वडा-पिंपळावर मुक्कामाला जमतात, त्या झाडांखालीही थांबा. उडताना पोपट हिरवा आणि लांबट दिसतो. कॉकटील करडा असून प्रत्येक फडक्याला त्याच्या पंखांवरचे पांढरे पट्टे चमकतात. एकदा तो फरक डोळ्यांत बसला की, शंभर पक्ष्यांतूनही तो निवडता येतो.

फलकाविषयी एक सूचना. ‘कॉकटील हरवला आहे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते कळणार नाही. ‘डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला करडा पोपट’ असे लिहा, मोठे छायाचित्र लावा आणि तो कुकरची शिट्टी घालतो हेही लिहा. लोकांच्या लक्षात तेच राहील. हा मजकूर सर्वांत आधी दूधवाल्यांपर्यंत, वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलांपर्यंत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांपर्यंत आणि रात्रपाळीच्या राखणदारांपर्यंत पोचवा, कारण पक्षी बोलतो त्या वेळी घराबाहेर हीच माणसे असतात. ज्यांच्या घरी पिंजरे टांगलेले आहेत अशी घरेही पालथी घाला. भुकेला कॉकटील दुसऱ्या पक्ष्यांचा आवाज ऐकून तिथे उतरतो. मात्र त्याच्या अंगावरची एखादी बारीकशी खूण फलकावर किंवा इथेही जाहीर करू नका. ‘पक्षी सापडला आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन हमखास येतात. त्यांना ती खूण विचारली की, खरे-खोटे कळते.

पाणी मारण्याचा सल्ला कृपया ऐकू नका. भिजलेला पक्षी जड होऊन खाली पडेल हा हिशेब कागदावर बरा वाटतो. प्रत्यक्षात तो पहिल्या धारेलाच आणखी लांब उडतो आणि एवढ्या थंडीत ओल्या अंगाने रात्र काढणे त्याच्या जिवावर बेतू शकते.


गोदाकाठ (नांदेड)

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. पाखराला एकदा मोकळे आकाश मिळाले असेल, तर त्याला पुन्हा पिंजऱ्यात आणण्याचा आटापिटा कशासाठी करावा? तो जिथे असेल तिथे सुखी असो, असे म्हणून सोडून द्यावे, हे मला अधिक योग्य वाटते.


गच्चीवरचा पिंजरा (छत्रपती संभाजीनगर)

ही भावना मी समजू शकतो आणि आपल्या देशी पोपटाविषयी कोणी असे म्हणाले असते, तर मी मान डोलावली असती. परंतु कॉकटील हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी आहे. इथे त्याचा थवा नाही. शिक्रा झडप घालतो तेव्हा थव्यातल्या पन्नास जोड्या डोळ्यांपैकी कोणाच्या तरी तो आधी नजरेस पडतो आणि सगळे वाचतात. एकट्या पक्ष्याला ते संरक्षण नाही. त्यातून हा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदा झालेला जीव. त्याचे मोकळे आकाश म्हणजे बहुधा काही दिवसांची उपासमार आणि मग मांजर. संक्रांतही जवळ आली आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्येच बंदी घातली असली, तरी तो झाडाझाडांवर लटकलेला दिसतो, हे आपण दोघेही जाणतो.


कोरडवाहू (सेलू)

मी पक्षी पाळत नाही. उलट पक्ष्यांपासून पीक राखण्यात माझा अर्धा हिवाळा जातो. तरीही, किंवा त्यामुळेच, एक मुद्दा सांगावासा वाटतो.

ताई शहरातली झाडे शोधत आहेत, परंतु सध्या रब्बीची ज्वारी कुठे हुरड्यावर आली आहे, तर कुठे हुरड्याला टेकली आहे. कणसातला दाणा दुधात असतो तेव्हा पंचक्रोशीतले सगळे दाणे खाणारे पक्षी झाडे सोडून रानाकडे धाव घेतात. वर ज्यांनी माहिती दिली आहे, त्यांनी हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा असल्याचे म्हटले आहे. तिथल्या शेतकऱ्यांनाही या पक्ष्याचा ताप ज्वारी आणि सूर्यफूल याच दोन पिकांत होतो, असे मी वाचले आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या पौष महिन्यात त्याला त्याच्या माहेरचेच जेवण वाढून ठेवलेले आहे. पिंजऱ्यात ज्याला बाजरी आणि राळे खायची सवय आहे, त्याला ज्वारीचे कणीस ओळखायला कोणी शिकवावे लागणार नाही. पोपटांचा थवा सकाळी गावातून रानाकडे निघाला आणि हा त्यांच्या मागे गेला, असे होण्याची शक्यता मला तरी पुष्कळ वाटते.

तुम्ही विद्यापीठाच्या परिसराजवळ राहता, म्हणून मुद्दाम लिहितो. परभणीला ज्वार संशोधन केंद्र आहे. ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ हे वाण तिथलेच. अशा केंद्राच्या प्रक्षेत्रावर वेगवेगळ्या वेळी निसवणारे वाण शेजारीशेजारी उभे असतात. म्हणजे आजूबाजूच्या शेतांत दाणा कडक झाला, तरी तिथल्या एखाद्या वाफ्यात तो कोवळाच असतो, आणि पाखरांना हे आपल्या आधी कळते. अशा ठिकाणी राखणीला माणसे असतात, त्यांना जाऊन भेटा. दिवसभर मचाणावर बसून पाखरे हाकणाऱ्या माणसाची नजर काय असते, याची शहरातल्या लोकांना कल्पना नाही. कोणत्या कोपऱ्यातून मुनियांचा थवा येतो, पोपट कोणत्या बांधावर आधी उतरतात, काल नसलेले कोणते पाखरू आज आले आहे, हे तो तोंडपाठ सांगतो.

फक्त दोन गोष्टी त्याला आधीच सांगून ठेवा. पहिली म्हणजे, गोफण. ती भिरकावताना दगड कुठे लागेल याचा नेम नसतो. तुऱ्याचे पाखरू दिसले, तर त्या बाजूला डबा वाजवा, गोफण नको, अशी विनंती करा. दुसरी गोष्ट जाळ्यांची आहे. ज्वारीच्या निवडक ओळींवर, डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांवर बारीक नायलॉनची जाळी टाकलेली असते. तिच्यात पाय किंवा पंख अडकला की, पक्षी जितका धडपडतो तितका गुरफटत जातो. रोज दुपारी अशा जाळ्यांच्या कडेने एक फेरी मारायला हवी.


लातूरकर

थोडे विषयाला धरून, थोडे विषय सोडून विचारतो. आमचा राघूही गेल्या महिन्यात असाच उडाला. त्याच्यासाठी असेच फलक लावले, तर चालतील का?


पशुवैद्यक (उदगीर)

लातूरकर, आपला राघू म्हणजे गळ्यावर गुलाबी कंठ असलेला देशी पोपट असेल, तर तो 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि 2022च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत झाला आहे. तो पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो घरात कितीही वर्षे लाडाने वाढलेला असो. त्यामुळे फलक लावू नका. तो जखमी अवस्थेत कोठे आढळला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मराठवाड्यात ओसरीला राघूचा पिंजरा टांगलेले घर अजूनही इतके सर्रास दिसते की, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखे होते. पण कायदा स्पष्ट आहे. कॉकटील परदेशी असल्यामुळे त्याला ही तरतूद लागू होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सेलूच्या शेतकरी बंधूंनी मांडलेला ज्वारीचा मुद्दा मला फार पटला आहे आणि त्याला वैद्यकीय बाजूनेही आधार आहे. साधारणपणे 80 ते 100 ग्रॅम वजनाच्या या पक्ष्याजवळ चरबीचा साठा अगदी थोडा असतो. थंडीच्या रात्री अंग उबदार ठेवण्यासाठी तो पिसे फुलवून बसतो आणि दिवसभरात खाल्लेले दाणे रात्रभर जाळत राहतो. दाणा मिळाला, तर परभणीची थंडी तो सोसू शकेल, कारण ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रात्रीही थंड असतात. दाणा मिळाला नाही, तर मात्र एक-दोन रात्रींतच तो खचतो. म्हणून तो जिवंत असेल तर खाद्याच्या जवळ असेल, असे गृहीत धरून शोध घ्यावा.

पकडण्याविषयी सावधगिरीचे काही शब्द. अंधार पडल्यावर शिडी लावून झोपलेला पक्षी उचलावा, असा सल्ला अनेक जण देतात. हात निश्चितपणे पोचत असेल आणि पहिल्याच प्रयत्नात तो मुठीत येणार असेल, तरच हे करावे. कॉकटील ही जात रात्रीच्या दचकण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. घरातल्या पिंजऱ्यातही मध्यरात्री पाल पडल्याच्या आवाजाने तो वेड्यासारखा आपटून घेतो. झाडावरून तो असा दचकून सुटला, तर अंधारात तारांवर किंवा भिंतीवर आदळेल. त्यापेक्षा त्याच्या मुक्कामाची फांदी पाहून ठेवावी आणि पहाटे मादीचा पिंजरा घेऊन तिथे हजर राहावे. वडाच्या किंवा उंबराच्या चिकाचा लासा लावून पाखरे धरणारा माणूस कोणी आणून दिला, तर त्याला नम्रपणे परत पाठवा. चिकाने पिसे चिकटली की, ती सोडवताना निम्मी उपटली जातात आणि त्या धडपडीत पक्ष्याला इतका धसका बसतो की, तो हातातच मान टाकू शकतो.

जाळ्यात अडकलेला आढळला, तर त्याला ओढून काढू नये. आधी हलक्या हातरुमालाने डोके झाकावे म्हणजे तो शांत होतो, मग कात्रीने जाळीच कापून काढावी आणि सुताचे तुकडे पायाभोवती राहिलेले नाहीत ना, हे उजेडात नीट पाहावे. छाती मुठीत कधीही आवळू नये. पक्षी छातीचा पिंजरा हलवूनच श्वास घेतो, त्यामुळे आवळलेल्या मुठीत तो गुदमरतो.


परभणीची वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. मधल्या काळातील हकिकत थोडक्यात सांगते.

नीलगिरीच्या आसपास मादीचा आवाज वाजवून काहीच हाती लागले नाही. फलक लावल्यावर दोन फोन आले. त्यांपैकी एकाने आधी पैशांची मागणी केली. खूण विचारताच त्याने फोन ठेवला. दुसरा फोन वर्तमानपत्र टाकणाऱ्या एका मुलाचा होता. विद्यापीठाच्या बाजूने पहाटे कुकरची शिट्टी ऐकू आली, पण तिथे एकही घर नाही, असे तो सांगत होता. त्याच्या आवाजातले नवल ऐकूनच मला खात्री पटली.

आम्ही रीतसर परवानगी घेऊन ज्वारीच्या बाजूला गेलो आणि तिथल्या राखणदार काकांना भेटलो. सेलूच्या दादांनी राखणदाराच्या नजरेविषयी लिहिले ते अक्षरशः खरे निघाले. त्यांनी आमचे छायाचित्र पाहायच्या आधीच सांगितले की, पोपटांबरोबर एक करडे पाखरू येते. डबा वाजवला की सगळे पोपट एकदम उठतात, हे मात्र कणसावरच बसून राहते आणि डब्याला उलट शिट्टी घालते. त्यांनी त्याच्यावर गोफण उचलली नव्हती. ‘ते भीत नाही म्हटल्यावर घरचंच असणार,’ हे त्यांचे म्हणणे.

आम्हीही त्याला पाहिले आहे. कणसाला उलटे लोंबकळून तो दाणे खात होता आणि चोचीभोवती दुधाळ चीक लागलेला होता. त्याने आम्हाला उत्तर दिले, थोडा जवळही आला, पण तेवढ्यात वरून शिक्रा गेला आणि सगळा थवा त्याच्यासह पलीकडच्या बाभळींत शिरला. उद्या पहाटे मादीला घेऊन जावे असा विचार आहे. पिंजरा नेमका कुठे ठेवावा, हे कृपया कोणी सांगावे. तिथे गच्ची नाही, फक्त मचाण आहे.


कोरडवाहू (सेलू)

मचाणच उत्तम, कारण त्याची उंची कणसांच्या वर असते आणि बाभळीच्या शेंड्यांच्या बरीच खाली. तुम्हाला हवी असलेली पायरी आपसूकच तयार आहे. काकांना त्या सकाळी मचाणावरून उतरून बांधावर बसायला सांगा आणि सकाळच्या पहिल्या तासात त्या कोपऱ्यात डबा वाजवू देऊ नका. तेवढ्यात पाखरांनी खाल्लेल्या ज्वारीचे काकांना काही द्यायचे असेल, तर ते आधीच द्या. माणूस मोकळ्या मनाने मदत करतो. पिंजरा पूर्वेकडे तोंड करून ठेवू नका, नाहीतर उगवतीचे ऊन तारांवर चमकेल. चमकणाऱ्या फितींनी आम्ही पाखरे हाकतो, हे लक्षात असू द्या. मचाणाला तशा फिती बांधलेल्या असतील, तर आज संध्याकाळीच सोडून घ्या.


गच्चीवरचा पिंजरा (छत्रपती संभाजीनगर)

यात एवढीच भर घालतो की, मादीच्या पिंजऱ्याला लागून त्याचा स्वतःचा पिंजरा दार उघडे ठेवून मांडा आणि दाराला लांब दोरी बांधा. त्याला आत जायला वेळ लागू द्या. तो पिंजऱ्याच्या छतावर बसून मादीशी बोलेल, खाली उतरेल, पुन्हा वर चढेल. या सगळ्या वेळात कोणीही जागचे हलू नये. आतल्या वाटीत राळे ठेवा, पण पाणी विसरू नका. कणसातला दूधदाणा मिळत असला, तरी ओळखीच्या वाटीतल्या पाण्याची ओढ त्याला जास्त असेल, असा माझा अनुभव आहे.


परभणीची वाचक

बंड्या घरी आला आहे. मचाणावर पिंजरे ठेवल्यावर मादीने साद घातली, बाभळीतून उत्तर आले आणि तो पोपटांच्या आधी, एकटाच, सरळ उडत येऊन तिच्या पिंजऱ्यावर बसला. आत जायला त्याने इतका वेळ घेतला की, दोरी धरलेल्या माझ्या मुलाच्या हाताला मुंग्या आल्या. उजव्या पायाच्या मागच्या बोटाला नख नाही, ही मी न सांगितलेली खूण. तीही पाहून घेतली. राखणदार काकांनी बक्षीस घ्यायला साफ नकार दिला, पण हुरड्याला परत या असे सांगितले.

डॉक्टरांना एवढेच विचारायचे आहे की, त्याला लगेच मादीबरोबर ठेवावे का? स्वयंपाकघरातल्या तराजूवर त्याचे वजन 79 ग्रॅम भरले. पूर्वी ते 92 होते. छातीचे हाड हाताला थोडे टोचते. एका पंखाजवळ दोन-तीन पिसे गेलेली आहेत, रक्त मात्र दिसत नाही.


पशुवैद्यक (उदगीर)

फार चांगली बातमी आहे. त्याला मादीबरोबर लगेच ठेवू नका. तो रानातील पक्ष्यांमध्ये वावरला असल्यामुळे किमान तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. एकमेकांचा आवाज ऐकू आला तरी दोघांना पुरेसे आहे. त्याच्या पिंजऱ्यातील कागद रोज बदला, कोरडी विष्ठा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि नंतर हात धुवा, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांचा एक आजार त्या धुळीतून माणसालाही होतो. विष्ठा हिरवीगार किंवा पाण्यासारखी झाली, डोळे चिकटू लागले किंवा श्वास घेताना शेपटी वर-खाली हलू लागली, तर थांबू नका.

पिसे गेलेली जागा आजच, दिवसाच्या उजेडात, पिसे फुंकून बाजूला करून पाहा. टाचणीच्या टोकाएवढे जरी छिद्र दिसले, तरी ते मांजराचे किंवा शिकारी पक्ष्याचे आहे असे समजून त्याला आजच पशुवैद्यकाकडे न्या. मांजराच्या दाताची जखम वरून किरकोळ दिसते, पण तिच्यातून शिरलेले जंतू लहान पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारू शकतात आणि त्यावर प्रतिजैविकच द्यावे लागते. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, त्यामुळे तुम्हाला लांब जावे लागणार नाही. नेताना पिंजरा जाड कापडाने झाका आणि रिक्षातला वारा लागू देऊ नका.

वजन रोज सकाळी, खाण्यापूर्वी, त्याच तराजूवर घेऊन लिहून ठेवा. ते हळूहळू वाढायला हवे. पहिले दोन दिवस नेहमीचे दाणेच द्या, त्यांत सूर्यफुलाच्या थोड्या बिया चालतील. एकदम भारंभार खुराक नको. खोली उबदार ठेवा. आणि दूधदाण्याची गोडी लागलेली असल्यामुळे तो काही दिवस कोरड्या राळ्याकडे नाक मुरडेल, तर आठवड्यातून एखादे कोवळे कणीस द्यायला हरकत नाही. फक्त त्यावर फवारणी झालेली नाही, हे राखणदार काकांना विचारून घ्या.